ग्रिप बदलली की नेमकं काय बदलतं? एका हरकतीला उत्तर

नमस्कार. बेंच प्रेसवरच्या (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलण्याच्या व्यायामावरच्या) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "रुंद ग्रिप छातीसाठी, अरुंद ग्रिप ट्रायसेप्ससाठी" (ग्रिप म्हणजे बारवरच्या दोन हातांमधलं अंतर, ट्रायसेप्स म्हणजे दंडामागचा स्नायू) असं मी लेखात ठामपणे लिहिलं, पण ईएमजीच्या (स्नायू किती काम करतो हे त्याच्या विद्युत संकेतांवरून बघण्याच्या) मोजमापात ग्रिप बदलली तरी छातीचा आकडा फारसा हलत नाही. तेव्हा या सगळ्या बारकाव्यांत काही अर्थ नाही, वजन वाढवत राहावं.

पहिला भाग मान्य. छाती दोन्ही ग्रिपमध्ये जोरात काम करते, अरुंद ग्रिपमध्ये स्पष्टपणे वाढतं ते ट्रायसेप्सचं काम. माझं वाक्य सरळसरळ वाटणी केल्यासारखं होतं. ते आता दुरुस्त केलंय.

पण त्यावरून "फरकच पडत नाही" इथवर जाणं मला पटत नाही. ईएमजी मोजतो ते त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडखालचे विद्युत संकेत. बार खाली येताना स्नायू त्वचेखाली सरकतो, शेजारच्या स्नायूचा संकेत त्यात मिसळतो आणि थकवा आला की वजन तेच असूनही आकडा चढतो. शिवाय प्रत्येक ग्रिपमध्ये आपापल्या कमाल वजनाच्या (जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या) जवळ सेट मारला, तर छाती दोन्हीकडे जवळपास पूर्ण जोर लावणारच. आकडे सारखे येतात ते यामुळेही. सांध्यांवर भार कसा वाटला गेला, हे तो आकडा सांगत नाही.

ते बघायचं असेल तर बेंचच्या पायाकडच्या बाजूला उभे राहा आणि बार छातीला टेकलेला असताना उचलणाऱ्याचा हात बघा. मनगट बरोबर कोपराच्या वर असेल तर वजन कोपरातून सरळ खाली जातं. ग्रिप आवळली की मनगट कोपराच्या आत येतं, वजन कोपर दुमडायला बघतं आणि ते सरळ ठेवण्याचं काम ट्रायसेप्सवर येतं. बारऐवजी डंबेल (प्रत्येक हातात वेगळं वजन) घेतले की काय बदलतं, तेही इथेच कळतं. बारवर हात बाजूला ढकलून जोर लावता येतो. डंबेलवर तसं केलं तर ते निसटतील, म्हणून मनगट कोपरावरच ठेवावं लागतं. म्हणूनच डंबेल प्रेसमध्ये ट्रायसेप्सचा आकडा बारपेक्षा कमी येतो आणि छातीचा जवळपास तेवढाच राहतो.

इनक्लाइनचा, म्हणजे डोक्याकडून बेंच वर उचलून तिरका करण्याचा, फरक तर ईएमजीतही दिसतो. २०२० च्या एका अभ्यासात ०, १५, ३०, ४५ आणि ६० अंशांवर तुलना केली होती. छातीचा वरचा भाग, म्हणजे गळपट्टीच्या हाडापासून निघणारे तंतू, ३० अंशांवर सगळ्यात जास्त चालले. त्याहून उभ्या बेंचवर फ्रंट डेल्ट (खांद्याचा पुढचा स्नायू) पुढे येतो आणि छाती मागे पडते. बेंच पार खुर्चीसारखा उभा करून "अपर चेस्ट" मारणाऱ्यांना मी हे कळकळीने सांगत असतो.

"छातीवर लक्ष द्या" हा सल्ला तुम्ही भाकड ठरवलात. तो सरसकट भाकड नाही. कमाल वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत, ठरवून छातीवर किंवा ट्रायसेप्सवर लक्ष दिलं तर त्या स्नायूचं काम वाढलेलं मोजलं गेलंय. ८० टक्क्यांवर मात्र तो परिणाम दिसला नाही. म्हणजे जड सेटपुरतं तुमचं बरोबर आहे, हलक्या सेटमध्ये लक्ष देऊन उपयोग होतो.

शेवटी तुमच्या तक्रारीबद्दल. बार छातीवरून सुटतो आणि अर्ध्यावर अडकतो, म्हणून ट्रायसेप्स कच्चे आहेत असं तुम्ही धरून चाललाय. मी एवढ्यावरून तसं म्हणणार नाही. तिथे खांद्याला आणि छातीलाही जोर अपुरा पडत असू शकतो. पुढच्या वेळी पायाकडून व्हिडिओ काढा. खाली बार टेकताना कोपर मनगटाच्या बाहेर गेलेलं दिसलं तर ग्रिप दोन्ही बाजूंनी बोटभर रुंद करा, वजन थोडं उतरवा आणि तीन-चार आठवडे तसंच चालवा. मग बार कुठे अडकतो ते इथेच लिहा, मी वाट बघतोय.