‘तुषार’चा ‘टसर’ झालेला नाही

साड्यांच्या जाहिरातींसोबत एक संदेश फिरतो: ‘मूळ शब्द तुषार. दवासारखी झळाळी, म्हणून हे नाव. इंग्रजांना उच्चार जमेना, त्यांनी त्याचे टसर केले. कोसा हे निराळे रेशीम. टसरसाठी किडा मारत नाहीत.’

मूळ शब्द तसर. तो ऋग्वेदात (10.130.2) विणकामाच्याच रूपकात येतो: विणण्यासाठी सामांचे (सामगीतांचे) तसर केले. तसर म्हणजे धोटा, ताण्यातून बाणा नेणारा. टसर देणाऱ्या पतंगाचा कोश लांबट, टणक, फांदीला देठाने लटकलेला. धोट्याशी असलेल्या साम्यावरून हे नाव आधी कोशाला आणि मग धाग्याला लागले असावे. तुषारचा तसर व्हायचा तर उकार गळायला हवा आणि पुढचा आकारही आखडायला हवा. ‘ष’चा ‘स’ होणे नेहमीचे. बाकी दोन्हींना कारण सापडत नाही. आणि दव कुठले? न रंगवलेले टसर मधाच्या नाहीतर तांब्याच्या रंगाचे असते.

इंग्रजांचा दोष असलाच तर उलट बाजूने. आपल्या ‘अ’साठी ‘यू’ लिहायची त्यांची जुनी रीत. पंजाबचे स्पेलिंग आठवा. टसरचेही तसेच झाले. तो ‘यू’ उकार म्हणून वाचला की तुस्सर होते, आणि तिथून तुषार एका पावलावर. रांचीच्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या हिंदी नावात मात्र आजही ‘तसर’च आहे.

कोसा निराळा नाही. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढणारी तीच अळी, तोच धागा. विदर्भात आणि छत्तीसगडात कोशालाही कोसा म्हणतात आणि कापडालाही. मूळ शब्द कोश, त्याच्यापासून ‘कौशेय’ कसा साधायचा याचे पाणिनीचे सूत्रच आहे (4.3.42). म्हणजे एक नाव विणकराच्या हत्याराचे, दुसरे वेष्टनाचे. पतंगाचे एकही नाही. (संस्कृतात रेशमाच्या किड्याला कोशकार म्हणतात. शब्दकोश रचणाऱ्यालाही तेच!)

किड्याचे विधान गिऱ्हाइकाच्या खिशाशी जोडलेले आहे. अखंड धागा हवा तर पतंग बाहेर पडण्याआधी कोश उन्हात वा वाफेवर धरून आतला कोषित (कोशात शिरलेला किडा) मारतात, मग सोड्याच्या पाण्यात शिजवून धागा उलगडतात. बियाण्यासाठी राखलेल्या कोशातून पतंग निघतो खरा. तो स्वतःच्या स्रावाने एक टोक मऊ करून धागे बाजूला सारतो. असा फुटलेला कोश सलग उलगडत नाही. हाताने ओढून त्याचा जाड, गाठाळ घिचा काढतात. तेव्हा ‘अहिंसक टसर’ म्हणून विकायला ठेवलेल्या साडीचा धागा गुळगुळीत, एकसारखा दिसला, तर कोश फुटलेला होता का, हे दुकानदाराला विचारा.