दिनेश खन्नांचा किताब ‘अर्धा खेळ’ कसा?

‘सात्विक-चिराग हे आशियाई बॅडमिंटन अजिंक्यपद जिंकणारे पहिले खरे भारतीय’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या गोव्यातल्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. (सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी ही आपली दुहेरीची जोडी.) आमच्या चवथीच्या कुटुंब-ग्रुपवर आला तेव्हा दुर्लक्ष केलं. मग तालुक्याच्या वार्षिक स्पर्धेच्या बक्षीस समारंभात एका पाहुण्यांनी तोच माइकवरून वाचला, समोर बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या भाचीने घरी येऊन तो शाळेच्या प्रकल्पात उतरवून काढला. आता गप्प बसवत नाही.

मजकूर थोडक्यात असा: सात्विक-चिराग पहिले. काही लोक १९६५ चा दाखला देतात, पण तो धरायचा नाही, कारण तेव्हा गेम पंधराच गुणांचा म्हणजे ‘अर्धा खेळ’ होता आणि चीनही नव्हता. ही स्पर्धा दर चार वर्षांनी होते. भारताला ती भरवायचा मान कधी मिळाला नाही. आणि शेवटी, गोव्यातलं कोणी तिथवर पोचलेलं नाही.

आधी १९६५. त्या वर्षी लखनौला दिनेश खन्ना यांनी थायलंडच्या सांगोब रत्तनुसोर्नला १५-३, १५-११ असं हरवून पुरुष एकेरीचं आशियाई अजिंक्यपद जिंकलं. त्याच वर्षीचा बॅडमिंटनचा अर्जुन पुरस्कारही त्यांचाच. अर्जुन पुरस्कारांची यादी सरकारी आहे, कोणालाही बघता येते. १९६१ नंदू नाटेकर, १९६२ मीना शाह, १९६५ दिनेश खन्ना. शिवाय एप्रिल २०२३ मध्ये दुबईत सात्विक-चिराग जिंकले तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी ‘५८ वर्षांनी सुवर्ण’ असंच छापलं होतं. २०२३ मधून ५८ वजा करायला गणिताचा मास्तर लागत नाही.

पण मला खरा राग आहे तो ‘अर्धा खेळ’ या शब्दांचा. लिहिणाऱ्याने २१ मधून १५ वजा केले आणि खेळ सोपा ठरवून मोकळा झाला. बाबा रे, आज प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून शटल पडेपर्यंतच्या खेळाला, गुण मिळतो, सर्व्हिस कोणाचीही असो. ही पद्धत आली २००६ साली. त्याआधी सर्व्हिस तुमची असेल तरच गुण. समोरच्याच्या सर्व्हिसवर तुम्ही जीव तोडून रॅली जिंकलीत तर हातात काय? नुसती सर्व्हिस. गुणफलक तिथेच. मग तुम्ही सर्व्हिस करणार, त्याने रॅली मारली की सर्व्हिस परत त्याच्याकडे, गुण कोणालाच नाही. दुहेरीत तर आणखी गंमत, गेमची पहिली पाळी सोडली तर जोडीतल्या दोघांचीही सर्व्हिस गेल्याशिवाय पाळी बदलत नसे. तेरा-तेरा किंवा चौदा-चौदा झाले की गेम वाढवायची सोय होती, ती वेगळीच. त्यामुळे १५-११ या आकड्यावरून किती रॅली झाल्या हे कळतच नाही. सव्वीस गुण दिसतात, त्यामागे पन्नास रॅली असू शकतात, शंभरही.

भाचीला हे तोंडी पटेना, म्हणून तिला कोर्टवर नेऊन जुन्या नियमांनी खेळायला लावलं. चार-तीनवर आम्ही असे अडकलो की सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि आकडा जागचा हलेना. घामाघूम होऊन ती म्हणाली, “मामा, स्कोर बंद पडला काय?” बंद नाही पडला गे, तेव्हा तो असाच चालायचा. हा ‘अर्धा खेळ’ पाहुण्यांनी एकदा खेळून बघावा, नाव मी नोंदवतो.

चीनचं मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. चीन त्या काळी आंतरराष्ट्रीय महासंघाबाहेर होता. १९७८ मध्ये निघालेला दुसरा महासंघ १९८१ साली मूळच्यात विलीन झाला, तेव्हा चीन आत आला. आजच्यासारखी चिनी भिंत खन्नांपुढे नव्हती. पण म्हणून आशिया रिकामा होता? थॉमस चषक, म्हणजे पुरुषांचा जागतिक सांघिक किताब, १९४९ मध्ये सुरू झाला तेव्हापासून १९६४ पर्यंत मलाया आणि इंडोनेशिया सोडून कोणाकडे गेलाच नाही. जगातलं सर्वोत्तम पुरुष बॅडमिंटन तेव्हा आशियातच खेळलं जात होतं. आणि चीन नव्हता म्हणून किताब बाद करायचा तर त्या काळातले इतर सगळ्यांचे किताबही बाद करा. ते करायला कोणी तयार आहे का?

‘पहिले’ यातही अर्ध सत्य आहे. पुरुष दुहेरीत सात्विक-चिराग खरंच पहिले. त्याआधी दुहेरीत आपली मजल १९७१ मध्ये दीपू आणि रमण घोष या भावांच्या कांस्यपदकापर्यंत होती. दुबईच्या अंतिम सामन्यात पहिला गेम १६-२१ असा गमावून या दोघांनी मलेशियाच्या ओंग यू सिन आणि तिओ ई यी यांना २१-१७, २१-१९ असं मागे टाकलं. एवढी मोठी गोष्ट आहे, ‘दुहेरीत’ हा एक शब्द लिहिला असता तरी ती मोठीच राहिली असती. दुसऱ्याचं नाव पुसून ती वाढत नाही.

दर चार वर्षांनी होतात ते आशियाई खेळ, म्हणजे एशियाड. तिथलं याच जोडीचं सुवर्ण हांगझोऊचं, ऑक्टोबर २०२३ चं. लिहिणाऱ्याने दोन्ही स्पर्धांची खिचडी केलीय. अजिंक्यपद स्पर्धा १९६२ मध्ये क्वालालंपूरला सुरू झाली, आधी काही वर्षांच्या अंतराने व्हायची, १९९० च्या दशकापासून जवळपास दरवर्षी होते. २०२० आणि २०२१ कोरोनाने खाल्ली. भारताने ती भरवली नाही म्हणे! लखनौ काय श्रीलंकेत आहे? २०१० ला दिल्लीत झाली, तिथे सायनाने कांस्य घेतलं.

राहिला गोवा. तनिषा क्रास्टो, गोंयकार आईबापांची मुलगी, २०२४ मध्ये आशियाई सांघिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. त्याच वर्षी अश्विनी पोनप्पाबरोबर पॅरिस ऑलिंपिक खेळली. आणि २०२५ मध्ये निंगबोला, याच आशियाई अजिंक्यपदात, ध्रुव कपिलाबरोबर मिश्र दुहेरीत शेवटच्या आठांत पोचली. गोव्यातल्या स्पर्धेत, गोव्यातल्या मुलींसमोर ‘आपलं कोणी पोचलेलं नाही’ हे वाचून दाखवायचं, आणि वर त्यांना टाळ्या वाजवायला लावायच्या!