‘कवायत’ म्हणणाऱ्या वाचकास

सलाम.

प्रचारकाच्या घरातल्या माझ्या बालपणावर लिहिलेल्या ‘पिठाचं मडकं’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते. लिहिलं आणि पुसून टाकलं. काल दिवसभर थांबले. आज लिहिते आहे, आणि अजूनही मन शांत झालेलं नाही हे आधीच सांगते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे जशीच्या तशी देते (त्यातलं ‘पाचारण’ म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावणं): “ताई, तुमचा लेख भावुक आहे, पण खरा वाटत नाही. लोईस तीमथ्याची आजी होती, आई नव्हे. रोज शास्त्र वाचणाऱ्या घराला एवढं माहीत असावं. पहाटे पाचला झोपलेल्या मुलांना उठवून वचनं घोकून घेणं याला विश्वास म्हणत नाहीत, कवायत म्हणतात. पाचारण आईवडिलांना होतं, उपाशी मुलं राहतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. लक्ष्मीबाई टिळकांना तरी कुणी विचारलं होतं का? श्रद्धा ही शोकेसमध्ये मांडायची वस्तू नव्हे.”

आधी चूक. ती माझीच. बायबलमधल्या दुसऱ्या तीमथ्याच्या, म्हणजे प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्राच्या, पहिल्याच अध्यायात पौल लिहितो की तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्या ठायी जो विश्वास होता तो तुझ्यातही आहे. मी नावं उलटी लिहिली. लहानपणापासून ऐकलेलं वचन, म्हणून पुस्तक न उघडता लिहिलं आणि फसले. तुम्ही दाखवलंत, आभार.

पण चूक दाखवून तुम्ही थांबला नाहीत. “रोज शास्त्र वाचणाऱ्या घराला एवढं माहीत असावं.” चूक केली मी, आणि बोल लावलात घराला. माझ्या बाबांनी चाळीस वर्षं त्या पुस्तकाची पानं उलटली. आईचा शेवटच्या वर्षांत डोळा अधू झाला तेव्हा ती पान न बघता अख्खा अध्याय म्हणायची आणि मी वाचताना एखादा शब्द गाळला तर स्वयंपाकघरातून सांगायची. ती असती तर लोईसची चूक छापायच्या आधीच निघाली असती. सुरुवातीला ‘ताई’ म्हणायचं आणि दुसऱ्याच वाक्यात ताईच्या माहेरावर घसरायचं, ही कुठली रीत? आपल्या मंडळीत एखाद्याची चूक दाखवायची तर बाजूला घेऊन सांगतात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने हेच सांगितलं आहे, एकांतात जाऊन सांग. तुम्ही शास्त्र जाणता असं दिसतं, मग हे कसं विसरलात?

आता कवायत.

या शब्दाने मी दोन रात्री झोपले नाही. ‘भावुक’ म्हणालात, चालेल. ‘खरा वाटत नाही’ म्हणालात, तेही तुमचं मत म्हणून सोडते. पण कवायत म्हणजे काय हे मला माहीत आहे. शाळेच्या मैदानावर उन्हात उभं करून करवून घेतात ती. तिच्यात एक हुकूम देणारा असतो आणि बाकीचे पाय आपटतात.

आमच्या घरी काय होत होतं ते ऐका. बाबा ख्रिस्ती प्रचारक होते. मिशनरी म्हटलं की अजूनही लोकांना गोरा साहेब दिसतो, म्हणून सांगते की माझे बाबा नगर जिल्ह्यात जन्मलेले, मराठीत विचार करणारे आणि मराठीतच रडणारे गृहस्थ होते. नेवासे तालुक्यातली अकरा गावं त्यांच्याकडे होती आणि सायकल एक. उजाडायच्या आत निघाले तरच दुपारच्या उन्हाआधी लांबच्या वस्तीवर पोचायचे. रात्री परत येईपर्यंत आम्ही झोपलेले असायचो. कधी दोन दोन मुक्काम बाहेर. दिवसातला एकच वेळ असा होता की सगळं घर एका छपराखाली जागं असायचं, आणि तो पहाटे पाचचा होता. पाच वाजण्याचं कारण एवढंच. आम्हाला आमचे बाबा तेवढेच भेटत.

कंदिलाची वात वर केली की आई अंथरुणातून आम्हाला गोधडीसकट ओढून जवळ घ्यायची. धाकटा भाऊ तिच्या मांडीवर झोपूनच असायचा, त्याला कुणी कधी हलवलं नाही. बाबा खंजिरी हळू वाजवायचे, शेजारी जागे होऊ नयेत म्हणून बोटांनीच. एक भजन, बहुतेक वेळा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं. मग अध्याय, एकेक वचन एकेकाने वाचायचं. मग प्रार्थना, आणि त्यात प्रत्येकाने एक मागणं मागायचं. भाऊ पाच वर्षांचा असताना सलग आठ दिवस शेजारच्या अडलेल्या शेळीसाठी मागत होता आणि बाबा तेवढ्याच गंभीरपणे आमेन म्हणत होते. त्या माणसाला तुम्ही कवायत घेणारा ठरवलंत.

आणि घोकून घेणं? बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. देवाच्या आज्ञा मुलाबाळांच्या मनावर बिंबव, असं सांगून मोशे वेळाही सांगतो: घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. त्यात वर्ग नाही, फळा नाही. आई भाकरी थापायची आणि प्रत्येक भाकरीला वचनाचा एक तुकडा म्हणायची. भाकरी तव्यावर पडली की आम्ही पुढचा तुकडा जोडायचा. तेविसावं स्तोत्र मला असं आलं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हटलं की आजही माझ्या नाकात ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा भाजल्याचा वास येतो. पाठ करायला लावलं म्हणून असं होत नाही.

तुम्हाला पहाटेचाच राग असेल तर पंडिता रमाबाईंचं बालपण आठवा. तीर्थयात्रेला गावोगाव फिरणारं ते कुटुंब, घर असं नव्हतंच. जमिनीवर निजलेल्या त्या मुलीला आई पहाटे लाडाने जागं करून संस्कृत शिकवायची. तेव्हा पाठ व्हायची ती पुराणं, बायबल नव्हे, हे मला माहीत आहे. पण ते शिकणं त्या मुलीला जन्मभर पुरलं. त्याच बाईने पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत उतरवलं, आणि १९२२ साली वारल्या त्याआधी ते काम पुरं केलं. आईने पहाटे उठवलं याची त्यांनी तक्रार केली नाही. प्रेमाने आठवण काढली.

शास्त्रात कोरडी कवायत आहे, आणि शास्त्र तिची गय करत नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात शिलो इथल्या एली याजकाच्या घरात काय कमी होतं? देवाचा निवासमंडप दारात, अर्पणं रोजची, विधी सगळे जागच्या जागी. आणि त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास काय करत? लोकांच्या अर्पणाचं मांस शिजत असताना याजकाचा चाकर तीन दातांचा काटा भांड्यात खुपसून जे येईल ते काढून न्यायचा. याला म्हणावं कवायत, बाहेर सगळं चालू आणि आत देवाची ओळख नाही. हा अध्याय आमच्या घरी दरवर्षी वाचला जायचा. पण बाबा गप्प व्हायचे ते त्याच्या पुढे, आठव्या अध्यायावर. तिथे खुद्द शमुवेल संदेष्ट्याचे मुलगे, योएल आणि अबीया, लाच खातात. ज्याने लहानपणी रात्री देवाची हाक ऐकली त्याच्या घरी ही गत. बाबा पुस्तक मिटून थोडा वेळ बसायचे आणि म्हणायचे, “हाक काही वारशाने देता येत नाही, लेकरांनो.” सक्ती करणारा बाप असं बोलत नाही.

आता एक गोष्ट सांगते जी मूळ लेखात मुद्दाम लिहिली नव्हती. तोच धाकटा भाऊ, शेळीसाठी मागणारा, आज देवळात येत नाही. वीस वर्षं झाली. नाताळालाही येत नाही. आईबाबांनी त्याला एकदाही टोकलं नाही. बाबांनी त्याच्यासाठी रोज प्रार्थना केली, पण त्याच्यादेखत कधी नाही, त्याला ओझं होईल म्हणून. आईच्या शेवटच्या आजारात तो रात्री तिच्या उशाशी बसायचा आणि तिने सांगितलं की तेविसावं स्तोत्र म्हणायचा. एकही शब्द न चुकता. आमच्या घरात जबरदस्ती असती तर तो ते म्हणाला असता का? याचं उत्तर तुम्हीच द्या. तुम्ही म्हणाल, तो येत नाही यातच सगळं आलं. म्हणा. मी त्याची बहीण आहे, त्याला तुमच्यापेक्षा जास्त ओळखते.

उपाशी मुलांबद्दल. बाबांचं मानधन तीन महिने आलं नाही त्याविषयी मी लेखात लिहिलं आहे, ते पुन्हा उगाळणार नाही. आम्ही उपाशी नव्हतो. पिठलं पातळ होतं. सारफथच्या विधवेची, म्हणजे शेवटच्या मूठभर पिठातून एलीया संदेष्ट्याला भाकरी देणाऱ्या बाईची, गोष्ट आईने त्या दिवसांत सांगितली ती भूक झाकण्यासाठी नव्हे, आमच्या घरात मूठभर पीठ असताना दारात आलेल्या म्हातारीला आईने भाकरी का दिली हे आम्हाला कळावं म्हणून. ‘मुलांना कुणी विचारत नाही’ हे वाक्य मला समजलंच नाही. शेतकरी मुलांना विचारून शेती करतो का? ज्या घरात जन्म होतो त्या घरचं ऊन आणि सावली वाट्याला येतेच. आणि आमचे बाबा घर वाऱ्यावर सोडून सेवा करणाऱ्यांतले नव्हते. मला हिवताप आला तेव्हा त्यांनी तालुक्याच्या संमेलनातला संदेश रद्द केला आणि तीन दिवस माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसले. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने काय सुनावलं ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. बाबा म्हणायचे, हे आईबापांना लागू तसं लेकरांनाही लागू. यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना या वादात ओढायची गरज नव्हती. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला तो त्यांना न विचारता, हे खरं आहे आणि मला ते आवडत नाही. पण लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली, स्वतःला पटल्यावर, नवऱ्यासाठी नव्हे. मधल्या वर्षांत त्यांनी काय सोसलं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि टिळक गेल्यानंतर त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्राचं काव्य पुढे लिहिलं तेही त्यांनीच. त्या बाईची बाजू मांडायला तुम्ही किंवा मी लागत नाही. यावर कधीतरी सवडीने लिहीन.

शेवटचं वाक्य शोकेसचं. आमच्या घरात शोकेस नव्हतं. एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात बाबांचं बायबल, आईचं ‘उपासना संगीत’ आणि आमच्या बाप्तिस्म्याचे दाखले. त्या पेटीतलं मी लिहिते ते मिरवायला नाही. आई गेल्यावर ते सांगणारं आता दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते. कुणाला त्यात दिखावा दिसत असेल तर त्याने वाचू नये. कुणी बोलावून आणलेलं नाही.

हे वाक्य कडक झालं, माहीत आहे. तसंच राहू देते.

लोईस आणि युनीकेची दुरुस्ती मूळ लेखात आज सकाळी केली आहे आणि ती एका वाचकाने दाखवली असंही तिथे लिहिलं आहे. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर नावानिशी लिहा, मी उत्तर देईन. फक्त ‘कवायत’ हा शब्द माझ्या आईच्या बाबतीत मागे घ्यावा, एवढी माझी विनंती आहे.