चारचौघांतला अपमान आणि आपले हसू

काही महिन्यांपूर्वी आमच्या विभागाच्या स्नेहमेळाव्यात घडलेला एक प्रसंग अजून माझ्या मनातून जात नाही. तेव्हा नुकतीच रुजू झालेली एक सहकारी बोलताना कधीकधी अडखळते. त्या संध्याकाळी खेळ, गप्पा असे सगळे छान चालले असताना आमच्यातल्याच एका जुन्या सहकाऱ्याने माइक हातात घेतला आणि आठवडाभरापूर्वी तिने बैठकीत केलेल्या सादरीकरणाची, एकेका अक्षरावर मुद्दाम थबकत, नक्कल केली. हशा पिकला. तीही हसली, पण तिच्या हातातला कागदी पेला हळूहळू चेपत गेला आणि त्यातले पाणी बोटांवरून ओघळू लागले, तरी तिचे तिकडे लक्ष नव्हते. मी तिच्या शेजारीच उभी होते. मीही हसले होते.

नंतर तिला जे सल्ले मिळाले, ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘त्याचा स्वभावच तसा आहे, मनाने वाईट नाही’, ‘अशांच्या तोंडी लागू नये’. हे सगळे सल्ले ज्याला लागले त्यालाच दिले जातात, ज्याने दुखावले त्याला कोणी एक शब्द बोलत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कामाच्या ठिकाणच्या उद्धटपणावर लिन अँडरसन आणि क्रिस्टीन पिअर्सन या अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक महत्त्वाचा लेख लिहिला. उद्धटपणामागचा दुखावण्याचा हेतू संदिग्ध असतो, हे त्यांनी त्याच्या व्याख्येतच नोंदवले आहे. मेळाव्यात ही संदिग्धता आणखी वाढते. बैठकीत तीच नक्कल केली असती तर कोणीतरी नक्कीच अडवले असते. पण मेळाव्यात ‘गंमत केली’ एवढे म्हटले की सुटका होते, आणि उलट ज्याला लागले तोच ‘याला विनोद कळत नाही’ म्हणून बदनाम होतो. म्हणूनच अशा माणसाला टोमण्याने उत्तर द्यावे, हे मला पटत नाही. एका उद्धटपणाला दुसऱ्याने उत्तर मिळत गेले की प्रकरण कसे चिघळत जाते, हेही त्याच लेखात मांडले आहे, आणि माइक ज्याच्या हातात असतो तो या खेळात बहुधा आपल्यापेक्षा सराईत असतो.

मग काय करावे? माझ्या मते जबाबदारी पहिल्यांदा बघणाऱ्यांवर येते. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दुसऱ्या खोलीत कोणाला तरी अपस्माराचा (फिटचा) झटका आल्याचा आवाज ऐकू येत असताना, आपण एकटेच ऐकतो आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण तो झटका चालू असतानाच मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटले तेव्हा मात्र ३१ टक्केच उठले. आमच्या सभागृहात तर सगळे एकमेकांना बघत होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू पाहून हसत होता.

त्या दिवशी फक्त एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तोंड उघडले. आवाज न चढवता ते म्हणाले, “हे मला आवडलं नाही. माइक द्या इकडे.” मग ते तिच्याकडे वळले आणि सादरीकरणातल्या एका आकड्याविषयी त्यांनी तिला खरीखुरी शंका विचारली. ‘बरी आहेस ना?’ असे सर्वांसमोर विचारले असते, तर सगळ्यांच्या नजरा पुन्हा तिच्यावरच खिळल्या असत्या. त्याऐवजी तिला तिचे काम परत मिळाले, आणि ती बोलली, अडखळत का होईना, पण बोलली. स्वतःचा अपमान होत असेल तरीही असेच एक छोटे, सरळ वाक्य पुरते: “हे पुन्हा बोलू नका.” खुलासा देऊ नये, हसून साजरे करू नये, शक्य असेल तर तिथून दूर व्हावे. उद्धट माणूस आपला वरिष्ठ असेल, तर तिथल्या तिथे धैर्य दाखवण्याची अपेक्षा मी कोणाकडूनही करणार नाही. मात्र घरी गेल्यावर दिवस, शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत.

कारण मेळावा हा कामाचाच भाग आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेला आणि २०२१ पासून अमलात आलेला, कामाच्या जगातील हिंसा आणि छळ यांविषयीचा १९० क्रमांकाचा करार कामाशी संबंधित सामाजिक कार्यक्रमांनाही स्पष्टपणे लागू होतो. प्रत्येक उद्धट शेरा छळ ठरेल असे नाही; परंतु ‘ते ऑफिसबाहेर झाले, आमचा संबंध नाही’ हे व्यवस्थापनाचे उत्तर मला यापुढे मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि सांगितले की पुढचे सादरीकरण दुसऱ्या कोणाला तरी द्यावे, असे तिने सकाळीच कळवून टाकले आहे. आता पुढचा मेळावा जवळ आला आहे. येणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव नाही. त्याचे आहे, सूत्रसंचालक म्हणून. त्या संध्याकाळी काय घडले आणि त्यात मीही कशी हसले, हे सगळे लिहून मी विभागप्रमुखांना पत्र दिले आहे आणि सूत्रसंचालन त्याच्याकडून काढून घ्यावे अशी विनंती केली आहे. उत्तर अजून आलेले नाही.