मे महिन्यातलं टोकियो-क्योतो: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

शिंकान्सेनमध्ये (जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये) बॅगा धरून उभं राहावं लागलं, सासू-सासऱ्यांचे जेवणाचे हाल झाले आणि साकुरा (चेरीचा बहर) दिसलाच नाही, या तुमच्या तीन तक्रारी. पहिल्या दोन्ही चुका आमच्याच.

साकुरा टोकियो-क्योतोत मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलतो. मे उजाडेपर्यंत झाडं हिरवीगार झालेली असतात. तरी मेच्या टूरच्या जाहिरातीत आम्ही गुलाबी फोटो टाकला होता, तो काढलाय.

गर्दीचं म्हणाल, तर आपल्याकडची मेची सुट्टी नेमकी जपानच्या गोल्डन वीकवर येते. २९ एप्रिल आणि ३, ४, ५ मे या तिथे सरकारी सुट्ट्या. त्या दिवसांत 'नोझोमी' या सर्वात वेगवान शिंकान्सेन गाड्या पूर्ण आरक्षित असतात. विनाआरक्षित तिकिटावर चढलात तर दाराजवळ उभं राहायचं. आरक्षण महिनाभर आधी, तिथल्या सकाळी १० ला म्हणजे आपल्या साडेसहाला उघडतं. आम्ही आरक्षण करायला उशिरा बसलो. त्यात बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून (चाकं-हँडल धरून) १६० सेंमीच्या वर गेली, की डब्यातल्या शेवटच्या रांगेची सीट बॅगेच्या जागेसकट घ्यावी लागते, आणि त्या सीट्स लवकर संपतात. खरं तर मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरून कुरिअरने पुढे पाठवायच्या. टोकियोहून सकाळी दिलेली बॅग साधारण दुसऱ्या दिवशी क्योतोला पोचते. एका रात्रीचे कपडे तेवढे हातात ठेवायचे. तुम्हाला हे सांगायला हवं होतं.

जेवणात घात करते ती दाशी. मिसो सूप, उदोन, तोफूवरचा रस्सा, सगळ्यात वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर वेटर मान डोलावतो आणि तेच आणून ठेवतो.

पुढच्या मेमध्ये सोल (दक्षिण कोरिया) की तैपेई (तैवान), असं तुम्ही शेवटी विचारलंय. हवा सोलची सरस, वादच नाही. पण किमचीत मासळीचा किंवा कोळंबीचा खार आणि सूपमध्ये सुकी मासळी, म्हणजे पुन्हा तेच रडगाणं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी तैपेई. तिथल्या बौद्ध शाकाहारात कांदा-लसूण वर्ज्यच. अशा हॉटेलांच्या पाटीवर बऱ्याचदा आपल्या उलट दिशेचं स्वस्तिक असतं. खाण्याच्या पाकिटावर 'छ्वान-सू' असेल तर अंडं, दूध, कांदा, लसूण काहीच नाही. 'वू-शिन' असेल तर कांदा-लसूण चालवलेला. बटाटा-गाजर मात्र असतं, ते चालतं का ते घरी विचारून घ्या. मेच्या मध्यापासून तिथे पाऊस लागतो, म्हणून पहिला पंधरवडाच धरा. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा (युरोपातला सामाईक) चालू व्हिसा असेल तर तैवानचा प्रवेश परवाना ऑनलाइन मिळतो. सोबत हाँगकाँग जोडणार असाल तर मेच्या पहिल्या आठवड्यात नको, १ मेपासून चीनमध्येही सुट्टी असते, म्हणजे तिथेही गर्दी.

आरक्षित सीटचे पैसे घेऊन उभं राहावं लागलं, त्या भाड्यातला चौघांचा फरक आज परत केलाय.