कॉम्प्युटर सुरू होत नाहीये? मारा फॉरमॅट!

बटण दाबलं, आत पंखे घरघरले, पण पडद्यावर काही येईना. किंवा आलं ते निळं पान आणि त्यावर इंग्रजीत चार ओळी. अशा वेळी डोकं बिलकुल लावू नका. डोकं लावायला दुरुस्तीवाले आहेत, आणि त्यांनी ते लावायचं केव्हाच सोडून दिलंय. मी नुकताच हा प्रसाद खाऊन बसलोय, त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं.

सगळ्यात आधी, नेमकं काय होतंय हे कुणाला सांगू नका. 'चालू होत नाहीये' एवढं पुरे. सुरुवातीचा कंपनीचा लोगो दिसतो का, विंडोजचं चक्र फिरून अडकतं का, असल्या बारीकसारीक चौकशा संशयी माणसं करतात. लोगोसुद्धा उमटत नसेल तर गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही, मग त्यात विंडोजचा काय दोष, हे त्यांना कळतं. तुम्हाला कळून काय करायचंय?

यंत्र बीप-बीप करत असेल तर मोजू नका. किती बीप, लांब की आखूड, याचा अर्थ मदरबोर्डच्या (सगळे भाग जिथे जोडतात त्या मुख्य पाटीच्या) पुस्तिकेत असतो आणि ती पुस्तिका तुम्ही खोक्यासकट रद्दीत घातलेली आहे. बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर तर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज असलेली डिस्क) अशी नावं लिहिलेले चार बारके दिवे असतात; जिथे घोडं अडलं तिथला दिवा लागून राहतो. ती रोषणाई समजा.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, ठणठणीत. मल्टिमीटर हवाय कशाला? १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ च्या आत भरलं पाहिजे असा दंडक आहे खरा, पण पंखा बिचारा त्याहून कमीवरही आनंदाने फिरतो आणि तुम्हालाही आनंदात ठेवतो. प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ पिनांची वेगळी केबल लावायची राहून गेली असली तरी तो फिरतोच.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्ड सोडून मदरबोर्डला लावा आणि 'डिस्प्ले गेला' म्हणत हिंडा.

रॅम काढताना प्लग काढायची गरज नाही. यंत्र बंद दिसलं तरी मदरबोर्डवर ५ व्होल्ट खेळत असतात, त्यांनाही जरा करमणूक हवी.

एका वेळी एकच वस्तू बदलून पाहणं हे भित्र्यांचं काम. रॅम, एसएमपीएस, केबल सगळं एकदम बदला. सुरू झालं तर गुन्हेगार कोण ते कधीच कळणार नाही आणि बिल मात्र सगळ्यांचं येईल.

आता या सगळ्यांचा बाप असलेला उपाय: फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. काहीही झालं तरी फॉरमॅट. पंखा वाजतोय? फॉरमॅट. यूएसबी पोर्ट ढिला झालाय? फॉरमॅट. माझ्या कॉम्प्युटरवरही हाच उपचार झाला. झालं होतं काय, तर मदरबोर्डवरचा सेल मेला होता. सीआर२०३२, नाण्याएवढा, ३ व्होल्टचा. तो गेला की प्लग काढल्यावर घड्याळ मागे जातं आणि बायोसमधल्या (विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधल्या) सेटिंगा कारखान्यातून आल्या होत्या तशा होतात. माझ्या बाबतीत डिस्कचा मोड, म्हणजे तिच्याशी बोलायची पद्धत, 'एएचसीआय'वरून 'रेड'वर गेला. विंडोजला आपली डिस्क ओळखू येईना, म्हणून 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहिलेलं निळं पान. बायोसमध्ये जायचं, मोड परत एएचसीआय करायचा, सेल बदलायचा. चहा गार व्हायच्या आत संपणारं काम! बरं, यंत्राने काही लपवलं होतं का? नाही. सुरू होताच काळ्या पडद्यावर सरळ लिहून येत होतं की सीएमओएसमध्ये (सेलवर जपलेल्या बायोसच्या सेटिंगांत) गडबड आहे, मूळ सेटिंगा लावल्यात, पुढे जायला एफ१ दाबा. दुरुस्तीवाल्याने काय केलं? एफ१ दाबलं. न वाचता! वर पेन ड्राइव्ह खुपसला, डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवली, नवी विंडोज टाकली आणि छाती काढून म्हणाला, "बघा, झाला चालू. विंडोज करप्ट होती." चालू होणारच ना! नव्या विंडोजने आहे त्या मोडमध्ये बस्तान बसवलं. कोपऱ्यातलं घड्याळ तेव्हाही १ जानेवारी २०१९ दाखवत होतं. ते दाखवलं तर म्हणतो, "नेट लावा, आपोआप नीट होईल."

आणि मग, सगळं पुसून झाल्यावर, विचारतो: "बॅकअप होता ना?"

आता उपरोध पुरे. अरे, हा प्रश्न आधी विचारायचा की नंतर? डिस्क एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपांची) असेल तर 'ट्रिम' नावाचा प्रकार पुसलेल्या जागा खरोखरच रिकाम्या करून टाकतो, तिथून फायली परत मिळायची आशा जवळजवळ संपते. हे माहीत नसेल तर दुसऱ्याच्या डिस्कला हात लावता कशाला? निळ्या पानावर जे लिहिलंय ते वाचायला काय धाड भरते? एक ओळ वाचा, मोबाइलवर तिचा फोटो काढा, शोधा. आणि तुम्ही, कॅबिनेट काउंटरवर ठेवून 'बघा काय ते' म्हणून निघून जाणारे! 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही' हे वाक्य तोंडातून फुटत नाही का? कागदावर लिहा आणि चिकटवा कॅबिनेटवर. डिस्क स्वतः काढून घरी ठेवा. त्याला रॅम तपासायला तुमचे फोटो लागत नाहीत.

आणि हो, तो मेलेला सेल अजून मदरबोर्डवरच आहे. फॉरमॅट मारणाऱ्याने तो बदललेला नाही.