मकरंदला समुद्र दाखवताना

आमच्या कुत्र्याचं कागदोपत्री नाव मॅक्स. लसीच्या पुस्तकावर तेच आहे. पण आईच्या जिभेला मॅक्स काही केल्या वळेना. मॅक्सचा माकस झाला, माकसचा मक्या झाला, आणि मक्या चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून मकरंद. हा सगळा प्रवास पहिल्या महिन्यातच उरकला. आता अठ्ठावीस किलोंचा हा लॅब्रेडॉर मॅक्स म्हटलं तर कानसुद्धा हलवत नाही. रोज सकाळी चरईतून तलावपाळीपर्यंत "मकरंद, तिथे नको", "मकरंद, काकांना चाटू नको" असं ओरडत मी जातो. तिथे मसुंदा तलावाच्या कठड्याला पुढचे पाय लावून तो पाण्याकडे असा काही बघतो की लेकीने एक दिवस जाहीर केलं, "बाबा, त्याला समुद्र बघायचाय."

ठाण्यात पाण्याची टंचाई नाही. तलावांचं शहर म्हणून आपण मिरवतो. शिवाय खाडी आहे, खाडीत फ्लेमिंगो आहेत, २०२२ साली तिला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांना देतात तो रामसर दर्जाही मिळाला. पण तलाव फेऱ्या मारण्यासाठी असतात आणि खाडी पुलावरून बघण्यासाठी. वाळू आणि लाट हवी असेल तर अलिबागची वाट धरायची.

माझी भाची इंग्लंडात असते. तिला फोन केला तर तिने तिकडच्या एका किनाऱ्यावरच्या पाटीचा फोटोच पाठवला. तिकडे बऱ्याच किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर कुत्र्यांना मज्जाव असतो. कुठे या बाणापासून त्या बाणापर्यंत, कुठे अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत, असं सगळं लिहून ठेवलेलं. मला हे आवडलं. कुत्र्याला वाचता येत नाही हे खरं, पण मालकाला भांडायला मुद्दा तर मिळतो. आपल्याकडे "अलिबागला कुठल्या बीचवर कुत्रा चालतो?" असं मी ज्याला ज्याला विचारलं, त्याने "चालतात की, सगळीकडे चालतात" असंच सांगितलं. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. मी विचारलं होतं एकवचनात.

मग राहण्याची सोय. 'पेट फ्रेंडली' असं लिहिलेल्या सात ठिकाणी फोन केले. पहिल्याने विचारलं, "केवढा आहे?" मी म्हटलं, "लहान आहे." कुत्रा पाळणारा प्रत्येक माणूस हे खोटं बोलतो, आणि पलीकडच्यालाही ते माहीत असतं. "लहान म्हणजे मांडीवर बसतो का?" बसतो, पण नंतर मांडी उरत नाही. दुसऱ्याने कुत्र्याचे पाचशे जादा सांगितले, तिसऱ्याने गादीचे वेगळे. एकाने अटी वाचून दाखवल्या: पलंगावर चढायचं नाही, आवाज करायचा नाही, टॉवेल वापरायचा नाही. या अटी कुणासाठी आहेत हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही. शेवटी नागावातल्या एका वाडीचे मालक भेटले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊ म्हणाले, "कुत्रा आणा, मांजर आणा. पिऊन दंगा करणारा मेव्हणा तेवढा आणू नका." बुकिंग झालं. माझा मेव्हणा येणार होता, त्याला नाही म्हणून कळवलं.

जायचं कसं, यावर घरात दोन तट पडले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट सुटते, गाडी थेट बोटीत चढवता येते. पण ठाणेकराने भाऊचा धक्का गाठायचा म्हणजे कोकणात जाण्यासाठी आधी सगळी मुंबई ओलांडायची. त्यापेक्षा बेलापूर रोड, पळस्पे, पेण, वडखळ, हे पूर्वापार चालत आलेलं दुःख बरं. कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसेपर्यंत मकरंद खिडकीतून तोंड काढून मजेत होता. पेणला तो गप्प झाला. वडखळला ट्रॅफिकमध्ये उभे असताना त्याने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला भरून आलं. पुढच्याच क्षणी त्यालाही भरून आलं. वडखळ नाक्यावर शर्ट बदलणारा मी काही पहिला माणूस नसेन.

पोयनाडच्या पुढे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसू लागल्या. बायकोने दोन घेतल्या आणि डिकीत उंचावर, मकरंदच्या तोंडाला लागणार नाहीत अशा बांधल्या. कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, तांबड्या पेशी फुटतात, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. त्यांच्या मनाईच्या यादीत द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि समुद्राचं पाणीही होतं. समुद्राच्या पाण्याचं कलम मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

संध्याकाळी पाचला नागावच्या किनाऱ्यावर गेलो, तर किनारा नव्हताच. पाणी पार वर आलेलं, आणि उरलेल्या पट्ट्यात निम्मं ठाणे आणि सगळं डोंबिवली, बनाना बोट, भजी, घोडागाड्या. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "आज तिथी काय?" लेकीने मोबाइल काढेपर्यंत त्यांनीच सांगितलं, "सप्तमी. साताची पाऊणपट सव्वापाच. सव्वापाचला भरती पुरी. उद्या अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. सकाळीही तेच, संध्याकाळीही तेच. ओहोटी मधोमध, बारा वाजता." पाऊणकीचा पाढा शाळेत छड्या खाऊन पाठ केलेल्या पिढीतला हा गृहस्थ, त्याला ॲप लागत नाही. आमच्या लक्षात एवढंच आलं की मोकळी वाळू हवी असेल तर मार्चच्या उन्हात भर दुपारी यायचं.

तरीही मकरंदला पाण्याजवळ नेलं. आयुष्यातली पहिली लाट पायाला लागली. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जणू नळ मीच सोडला होता. लाट मागे गेली तसा तो शूर होऊन तिच्यामागे धावला. लाट परत आली, तोही परत आला, आणि जो वळला तो समोर उंट. मकरंदने ठाण्यात गाय पाहिली आहे, गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो पाहिला आहे, पण पाठीला उशी बांधलेला, वरून तुच्छतेने बघणारा प्राणी त्याच्या हिशेबात बसत नव्हता. तो वाळूत बसला. ओढलं तर आडवा झाला. उंटवाला पन्नास रुपयांत दोघांना चक्कर द्यायला तयार होता. आम्ही कुत्र्याला फरफटत परत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आक्षी. गर्दी नाही, सुरूचं बन, वारा. रस्त्यालगत मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक उभा आहे. मकरंदला त्याच्यापासून दूर ठेवण्यात आम्हाला यश आलं, एवढंच सांगतो. बनातून वाळूत उतरलो आणि पाहिलं, तर समोर पाच कुत्री.

भरतीमुळे वाळूचा पट्टा अरुंद. डावीकडे सुरू, उजवीकडे पाणी आणि मध्ये ते पाचजण. कुणी भुंकत नव्हतं, हेच वाईट होतं. मधला पिवळट, एका कानाला खाच असलेला, नुकताच खेकड्याचं बीळ उकरत असावा, नाकावर ओली वाळू होती. तो सावकाश पुढे आला, बाकीचे मागे अर्धवर्तुळात उभे. टोलनाक्यावर गाडी बाजूला घ्यायला सांगतात तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. 'चालतात' या अनेकवचनाचा अर्थ मला आत्ता कळला. कुठला किनारा कुत्र्याला चालतो हे मी वाडीवाले, भाची, डॉक्टर, सगळ्यांना विचारून आलो होतो. ज्यांना विचारायला हवं होतं ते समोर उभे होते आणि त्यांना फोन नसतो.

आपल्या गल्लीत कुत्रासुद्धा वाघ असतो म्हणतात. आमच्याला ते गल्लीतही जमलेलं नाही. मकरंद पाठीवर आडवा झाला, चारही पाय वर, पोट उघडं. खाचवाल्याने त्याला पुढून हुंगलं, मागून हुंगलं, माझी पँट हुंगली, आणि तंगडी वर करून माझ्या पिशवीवर शिक्का मारला. परवानगी मिळाली. पाचही जण आमच्याबरोबर चालू लागले. मकरंद तर त्यांच्यात असा मिसळला की लेक म्हणाली, "बाबा, हा आपल्याला विसरला." मी पट्टा सोडला. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाचीही नाही.

किनाऱ्याच्या टोकाला, होड्या लागतात त्या बाजूला, जवळा वाळत घातला होता. चार-पाच हात लांबीची फिक्कट गुलाबी चादरच. बाजूला वलांडीवर बोंबील लटकत होते. गावची पाचही कुत्री त्या चादरीला वळसा घालून, खाली मान घालून, देवळाच्या पायरीजवळून जावं तशी गेली. कुठलीही शिस्त मार खाल्ल्याशिवाय येत नाही. मकरंदने आयुष्यात मार खाल्लेला नाही. तो सरळ मधोमध गेला, आधी खांदा टेकवला, मग पाठ, आणि डोळे मिटून लोळू लागला. लोळता लोळता खातही होता.

"मकरंद! सोड! थुंक ते! थुंक म्हणते ना!" बायको जिवाच्या आकांताने ओरडली.

सुरूखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक गृहस्थ पोहे खात बसले होते. त्यांचा घास तोंडातच थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आणि चमचा हळूच खाली ठेवला. त्यांच्या शेजारची बाई म्हणाली, "तुम्ही ओळखता का हिला?" त्या संसारात पुढे काय झालं याची मला अजून काळजी आहे.

एवढ्यात होडीमागून मावशी आल्या. "ओ दादा, कुत्रा बगा तुमचा! आंघोल घालायला आनलाय काय हितं?" मी हात जोडले. मावशींनी मकरंदला शेपटीकडून धरून एका झटक्यात बाहेर काढलं. मी पट्ट्याने दोन दिवसांत जे करू शकलो नव्हतो ते त्यांनी एका हाताने केलं. तुडवलेला जवळा वेगळा केला, पाचांपुढे टाकला, हिशेब सांगितला. मी निमूटपणे पैसे दिले. तशी मावशी जरा निवळल्या. पिशवीत दोन ओंजळी भरून माझ्या हातात दिल्या. "पैसे दिलंव, मोकल्या हातानं कशाला जाता?" तो जवळा चादरीच्या कुठल्या बाजूचा, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

खारट खाल्ल्यावर तहान लागते, आणि समोर अख्खा समुद्र. डॉक्टरांच्या यादीतल्या कलमाचा अर्थ पुढच्या दोन तासांत, तीन हप्त्यांत समजला. त्यावर जास्त लिहीत नाही.

बाराला ओहोटी म्हणून लेकीच्या हट्टाखातर परतीच्या वाटेवर अलिबागचा किनारा. पाणी लांब गेलेलं, कुलाबा किल्ल्याकडे माणसं पायी निघालेली, ओली वाळू आरशासारखी. पण मध्ये शंभर पावलं कोरडी वाळू. तळहाताची मागची बाजू वाळूवर टेकवायची आणि धरवेना तर कुत्र्याला नेऊ नये, ही परीक्षा मी वाचली होती. टेकवली, आणि लगेच उचलली. मकरंद तोवर पुढे जाऊन एकेक पाय आळीपाळीने झटकत उभा. मग काय, अठ्ठावीस किलो उचलले. त्याने नव्या नवरीसारखे पाय माझ्या गळ्यात टाकले आणि तोंड फिरवून समुद्राची शोभा बघू लागला. अंगाला जवळ्याचा वास. किल्ल्याला जाणाऱ्या घोडागाडीवाल्याने गाडी थांबवून आस्थेने विचारलं, "पेशंट आहे का?"

"आहे," मी म्हटलं. कोण, ते त्याने विचारलं नाही.

रात्री नऊला ठाण्यात पोचलो. मकरंदला दोनदा आंघोळ घातली. पहिली त्याच्यासाठी, दुसरी सोसायटीच्या लिफ्टमधल्या लोकांसाठी. तोवर आईने पिशवी उघडलेली होती. आम्ही बाहेर येईपर्यंत पांढरा कांदा परतून, कोकम टाकून जवळ्याचं सुकं तयार. घरभर वास. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी लेकीकडे, लेकीने ताटाकडे.

"काय झालं? जेवा की," आई म्हणाली. "असा जवळा ठाण्याच्या बाजारात मिळत नाही हो. निवडून आणलाय अगदी."

भाकरी मोडली. खरंच चांगला झाला होता. टेबलाखालून मकरंदने माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि माझ्या प्रत्येक घासाबरोबर मान वर-खाली करू लागला. त्याला म्हटलं, "नाही रे बाबा, कांदा आहे त्यात."